तणनाशक पडलेला वाफा धिंगरी अळंबीने साफ होईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाच तपासता येईल. घणसोलीत तुमच्या सोसायटीच्या मागे, कुंपणाला लागून चारेकशे चौरस फूट जागा आहे आणि तुम्ही तीन-चार जणी मिळून तिथे भाज्या लावता. एप्रिलच्या शेवटी कमिटीने कुंपणाच्या कडेने ‘गवत मारायचं औषध’ मारून घेतलं. जूनमध्ये लावलेल्या चवळीची आणि टोमॅटोची पानं वळली, भेंडी पिवळी पडून वाढायचीच थांबली. धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) मातीतलं विष खाते असं तुमच्या वाचनात आलं. तेव्हा अळंबीच्या चार-पाच पिशव्या आणून वाफ्यात पुराव्यात का, किती दिवसांत माती साफ होईल, आणि वर उगवलेली अळंबी खाता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते कशावरही अवलंबून नाही. ती अळंबी खायची नाही. घरात नको, शेजारी नको, कोणाला भेट म्हणूनही नको. धिंगरी कॅडमियम आणि पाऱ्यासारखे धातू मातीतून उचलून स्वतःत साठवते. नवी मुंबईतली बरीच जमीन भरावाची. तो भराव कुठून आला हे सोसायटीत कोणाला ठाऊक नसतं, आणि घणसोलीच्या शेजारीच ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. शिवाय उघड्या मातीवर तुम्ही लावलेली अळंबीच उगवेल असं नाही. पावसाळ्यात पेंढ्यावर चार जातींची कुत्र्याची छत्री येते आणि त्यातली एखादी विषारी असू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. ‘अळंबीने माती साफ होईल का’ याच्या अगोदर ‘मातीत नेमकं काय आहे’ हे ठरवायला लागतं. गेली सतरा वर्षं मी ठाणे जिल्ह्यात माती आणि अळंबी या दोन्हींत काम करते. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी अळंबीची गरजच नसते. काही ठिकाणी तिचा उपयोग होत नाही. मधल्या थोड्या ठिकाणी ती खरंच कामाची ठरते. तुमची जागा यांतली कोणती, ते रसायनाच्या नावावरून ठरेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे कमिटीकडून कंत्राटदाराचं बिल मागा, आणि शक्य असेल तर रिकाम्या डब्याचा फोटो. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो माणसाला किती विषारी ते सांगतो. मातीत किती दिवस राहील ते त्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी खालच्या बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव आणि टक्केवारी हवी. कंत्राटदार ‘मॅडम, साधं औषध आहे’ म्हणाला तरी नाव घेतल्याशिवाय सोडू नका. ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ग्लायफोसेट निघालं तर मी अळंबीचा खर्च करू देणार नाही. ते मातीतल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटून बसतं, आणि आपली तांबडी माती, मुरूम यांत लोह भरपूर. चिकटलेलं ग्लायफोसेट मुळांना फारसं मिळत नाही आणि मातीतले जिवाणू त्याला हळूहळू मोडतात. त्याचं मातीतलं अर्धायुष्य साधारण ४७ दिवस धरतात, म्हणजे तेवढ्या दिवसांत निम्मं उरतं. एप्रिलमध्ये फवारलेल्या ग्लायफोसेटने जूनमधली चवळी वळत नाही. तसं असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. (२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला होता. सोसायटीच्या माळ्याने दुकानातून आणून फवारलं असेल तर तेही कमिटीला विचारा.)

२,४-डी असेल तर तुमची लक्षणं जुळतात. टोमॅटोचा शेंडा नेच्यासारखा बारीक होतो, देठ पिळवटतात, पानं वाटीसारखी वळतात. त्याचं अर्धायुष्य जेमतेम १० दिवसांचं. मग दोन महिने कसं टिकलं? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत असते. मोडतोड करणाऱ्या जिवाणूंना ओल लागते, आणि ओल नाही तेव्हा ते गप्प बसतात. पुस्तकातले दिवस ओलसर मातीचे असतात. तुमच्या वाफ्यातलं घड्याळ जवळजवळ पहिल्या पावसाला सुरू झालं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बी टाकलंत. यावर औषध म्हणजे ओल, शेणखत आणि एक-दोन महिन्यांचा धीर. अळंबी लागत नाही.

पॅराक्वाट उलट टोकाचं. त्याचं अर्धायुष्य हजार दिवसांच्या घरात, पण ते चिकणमातीच्या थरांमध्ये असं अडकतं की मुळांपर्यंत पोचत नाही, आणि त्यामुळेच बुरशीपर्यंतही पोचत नाही. त्याच्यामागे लागून काही हाती येत नाही.

डाययुरॉन किंवा ॲट्राझिन असेल तर मात्र आपण बोलू. पहिल्याचं अर्धायुष्य ९० दिवसांच्या आसपास, दुसऱ्याचं ६०. कंत्राटदार कुंपणाच्या कडेला, पेव्हर ब्लॉकच्या फटींत ‘सहा महिने गवत येणार नाही’ म्हणून जे मारतात ते बहुधा या जातीचं असतं. भेंडी पिवळी पडून थांबली असं तुम्ही लिहिलंत, त्यामुळे माझा संशय इकडे जास्त आहे. पण संशयावर खर्च करू नका.

नाव मिळो न मिळो, ही कुंडीतली चाचणी या आठवड्यात लावा. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश एवढंच येतं, तणनाशक त्यात दिसत नाही. त्याची वेगळी तपासणी प्रयोगशाळा करतात, पण ती महाग पडते आणि कोणतं रसायन शोधायचं ते आपणच सांगावं लागतं. रोप मात्र फुकटात आणि खरं सांगतं. कुंपणालगतच्या पट्ट्यातून पाच-सहा ठिकाणची वरची सहा इंच माती घेऊन एकत्र करा. सहा लहान कुंड्या घ्या. दोनांत ही माती. दोनांत खात्रीची चांगली माती, पूर्वी भाजी नीट आली होती अशी. उरलेल्या दोनांत वाफ्याचीच माती, पण प्रत्येकीत दोन-तीन चमचे ॲक्टिव्हेटेड चारकोल नीट मिसळून. पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. चुलीतला कोळसा कुटून चालणार नाही. सगळीकडे चवळी आणि टोमॅटो लावा, पाणी सारखंच द्या.

चारकोल तणनाशकाला धरून ठेवतो, क्षारांना नाही, आणि विषाणूला तर मुळीच नाही. म्हणून नुसत्या वाफ्याच्या मातीत रोप वळलं किंवा पिवळं पडलं आणि चारकोलच्या कुंडीत नीट आलं, तर तणनाशक पक्कं. दोन्हींत सारखंच करपलं, पानांच्या टोकापासून तपकिरी होत गेलं, तर क्षार बघा. खाडीकडच्या भरावात आणि बोअरच्या पाण्यात हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि कुंडीतली सगळी रोपं छान, पण बाहेरचा टोमॅटो मात्र वळलेला, तर पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ हा विषाणूरोग धरा. त्यात मातीचा काही दोष नाही.

एक गोष्ट सांभाळा. आठ दिवसांनी रोपं हिरवीगार दिसली म्हणून चाचणी मोडू नका. डाययुरॉन, ॲट्राझिन ही रसायनं प्रकाशसंश्लेषण अडवतात. चवळी सुरुवातीला बियांतल्या दळावर जगते, तिला तोवर काही कळत नाही. खरी पानं फुटली, दळं सुकली, की मग खालच्या पानांच्या कडा लिंबासारख्या पिवळ्या व्हायला लागतात आणि पुढच्या चार दिवसांत त्याच कडा कागदासारख्या वाळतात. हे सगळं दिसायला तीन आठवडे लागतात.

चाचणीत तणनाशक निघालं आणि ते चिवट जातीचं वाटलं, तर अळंबीकडे वळू. ती काय करते ते आधी समजून घ्या, मग कृती आपोआप कळेल. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात पडलेलं जुनं खोड कधी बोटांनी सोलून बघा. काही खोडं आतून पांढरी, धाग्याधाग्यांची, ओल्या कापसासारखी झालेली असतात. ही पांढरी कूज. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन मोडणं भल्याभल्या जिवांना जमत नाही, कारण त्याची रचना वेडीवाकडी असते, ठरावीक कुलपाची ठरावीक किल्ली तिथे चालत नाही. पांढऱ्या कुजीच्या बुरशा त्यावर लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) अंगाबाहेर सोडतात, आणि ती समोर येईल त्या कड्यावर घाव घालतात. कित्येक तणनाशकांच्या रेणूंतही लिग्निनसारखीच वलयं असतात, म्हणून तेही या माऱ्यात सापडतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम नावाची अशीच एक बुरशी डीडीटी आणि लिंडेन ही कीटकनाशकंदेखील मोडते. तिथून या विषयाला जोर आला. धिंगरी त्याच कुळाचारातली.

यातून तीन गोष्टी निघतात. अळंबी विष ‘खात’ नाही, तिचं खाणं पेंढा किंवा लाकूड. ते नसेल तर उघड्या मातीत ती उपाशी मरते, जिवाणू तिला लवकरच संपवतात. दुसरं, हा जाळण्यासारखा प्रकार आहे, त्याला हवा लागते, म्हणून जुलैच्या चिखलात हे होत नाही. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोडलं म्हणजे संपलं असं नसतं. धिंगरी ॲट्राझिनच्या रेणूच्या बाजूच्या साखळ्या तोडते हे प्रयोगांत दिसलंय, पण उरलेल्या तुकड्यांतही थोडा विषारीपणा राहतो आणि तो पुढे जिवाणूंना निपटावा लागतो. त्यामुळे पांढरं जाळं पसरलं म्हणून माती साफ झाली असं मी कधीच म्हणत नाही. पुन्हा कुंडीच विचारायची.

माझा एक अनुभव सांगते. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला एका रोपवाटिकेची कड अशीच बिघडली होती, वर्षानुवर्षं तिथे फवारणी झालेली. आम्ही तीन चौकोन आखले. एकात धिंगरीने पांढराशुभ्र झालेला पेंढा मिसळला, दुसऱ्यात तेवढाच साधा ओला पेंढा, तिसरा तसाच ठेवला. फेब्रुवारीत तिन्हींतल्या मातीत चवळी लावली. तिसऱ्या चौकोनातली पिवळी पडली. पहिल्या दोन्हींतली वाढली, आणि त्या दोहोंत मला डोळ्यांनी फरक करता येईना. म्हणजे तिथे बरंचसं काम पेंढ्याने केलं होतं. त्याने ओल धरली, हवा खेळती ठेवली आणि गावच्या बुरशांना-जिवाणूंना खायला दिलं. नंतर दुसऱ्या एका जागी मी पेंढ्याऐवजी लाकडाचा जाड भुसा वापरला आणि पाच महिने दिले. तिथे अळंबीचा चौकोन उघड पुढे होता. म्हणून मी लोकांना सांगते, अळंबी लावा, पण एक चौकोन नुसत्या पेंढ्याचा ठेवाच. नाहीतर श्रेय कोणाचं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी उगाच स्पॉनवर, म्हणजे अळंबीच्या बियाण्यावर, पैसे जातात.

पेंढ्याचं महत्त्व काही माझा शोध नाही. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी फवारणी पंप धुण्याच्या जागेखाली ‘बायोबेड’ नावाचा खड्डा करतात. त्यात निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) आणि पाव भाग माती असते. सांडलेलं औषध तिथेच अडतं आणि मोडतं. त्यात कोणी अळंबी लावत नाही, पेंढ्यावर आपोआप येणाऱ्या बुरशांवरच भिस्त असते.

आता करायचं कसं ते. सगळे चारशे फूट हाती घेऊ नका. कुंपणालगतचा तीन फुटांचा पट्टा तेवढा घ्या. काम दिवाळीनंतर सुरू करा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो, पाऊस गेलेला असतो, आणि धिंगरीला २० ते ३० अंश मानवतं. तोवर वाफा उघडा ठेवू नका, येईल ते गवत येऊ द्या. भाजी कुंड्यांत लावा.

पेंढा भाताचाच घ्या, मुरबाड-शहापूरकडून येतो तो. विकत घेतल्यावर मूठभर पेंढा कापून चांगल्या मातीच्या कुंडीत मिसळा आणि चवळी लावून बघा. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक चाऱ्यातून शेणखतात आणि तिथून लोकांच्या परसबागांत पोचलं होतं, टोमॅटो अगदी तुमच्यासारखेच वळले होते. विष काढायला आणलेल्या पेंढ्यातून नवं विष आलं तर फार वाईट वाटेल. भुसा वापरणार असाल तर वखारीतला आंबा, बाभूळ असा जंगली लाकडाचा. सागाचा नको, साग बुरशीला दाद देत नाही. प्लायवूड-एमडीएफचा तर अजिबात नको, त्यात गोंदाची रसायनं असतात.

पेंढा दोन इंचांचा कापून रात्रभर भिजवा, मग ६५ ते ७० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. मूठ आवळली तर एक-दोन थेंब गळावेत, धार नको. अळंबीवाले पुष्कळदा १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मालिन टाकून पेंढा निर्जंतुक करतात. ती रीत खाण्याच्या अळंबीसाठी ठरलेली आहे, पण मातीच्या कामाला मी ती वापरत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, आणि आपल्याला मातीतल्या बुरशा जाग्या करायच्या आहेत. कोणाकडून वापरून झालेल्या पिशव्या आणणार असाल तर हे आधी विचारा. गरम पाण्याच्या रीतीच्या असतील तर त्या स्वस्तात मस्त, बहुतेक जण फुकटही देतात.

स्पॉन ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के पुरतो, मातीसाठी मी पाच टक्क्यांपर्यंत जाते. पण तो थेट मातीत टाकू नका. आधी पिशव्या भरा, छिद्रं पाडा, सावलीत पंधरा-वीस दिवस ठेवा. पिशवी फोडल्यावर पेंढा सुट्टा न होता पांढऱ्या विटेसारखा एकसंध निघाला, नाकाला ताज्या पिठासारखा वास आला, की तो तयार. हिरवी पावडर दिसली तर ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीने ताबा घेतलाय, ती पिशवी बाजूला ठेवा. मग पट्ट्यातली माती सहा इंच मोकळी करून तीन घमेली मातीला एक घमेलं या प्रमाणात ही वीट मोठे तुकडे ठेवूनच मिसळा. चुरा केलात तर तंतू तुटतात. वर दोन इंच साधा पेंढा, त्यावर गोणपाट, आणि दिवसाआड शिंपण. पाणी साचू देऊ नका. युरिया किंवा ताजं शेण या टप्प्यावर देऊ नका. नत्र कमी पडलं की पांढऱ्या कुजीच्या काही बुरशा लिग्निन मोडणारी विकरं जास्त सोडतात, शिवाय नत्राने जिवाणू भराभर वाढून अळंबीला हटवतात.

छत्र्या उगवल्या तर तोडून तिथेच मातीत दाबा. दीड-दोन महिन्यांनी अशाच तयार पेंढ्याचा आणखी एक हप्ता मातीत मिसळा. फेब्रुवारीच्या शेवटी कुंडीची चाचणी पुन्हा लावा. तेव्हा रोपं फिकी दिसली तर घाबरू नका, कुजणारा पेंढा नत्र ओढून घेतो. एका कुंडीत चांगलं कुजलेलं शेणखत घाला. ती हिरवी झाली तर ती भूकच होती. कडांपासून पिवळी पडून वाळली तर विष अजून आहे. किती दिवस, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणूनच मी तारीख देत नाही. डाययुरॉनसारखं असेल तर एक हिवाळा धरून चाला, कदाचित दोन.

आणि कमिटीशी बोला. फवारणी पुढच्या एप्रिलला परत झाली, तर हा सगळा खटाटोप पाण्यात. कुंपणाची कड वर्षातून तीन वेळा ब्रशकटरने कापायला जो खर्च येईल त्याचा आकडा आधी काढून न्या, आकड्यापुढे सभेत वाद कमी होतात. वरच्या अंगाला दुसरी सोसायटी असेल आणि तिचं पावसाचं पाणी तुमच्या वाफ्यातून जात असेल तर तीही फवारते का ते विचारा, आणि मध्ये फूटभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा.

आजच्या आज मात्र एक काम करा. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला टाकळा आणि कुरडू उगवतात, आणि पाड्यांवरच्या बाया ते खुडून बाजारात जुड्या करून विकतात. फवारणीचं त्यांना कोणी सांगत नाही. कुंपणाला बाहेरच्या बाजूने मोठ्या अक्षरांत पाटी लावा: ‘इथे तणनाशक मारले आहे, भाजी खुडू नये.’ वॉचमनलाही सांगून ठेवा, कारण पाटी प्रत्येकीला वाचता येईलच असं नाही.